माझे फराळाचे डबे आणि तुमचा समतोल

सर,

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. मेल्यावर माणूस चांगलाच असतो, त्यात नवल काही नाही. शेवटी प्राचार्यांनी माइक माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "मंगलताई, तुम्ही सव्वीस वर्षं रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये काढलीत, त्यातली पंचवीस सरांबरोबर. तुम्ही पण दोन शब्द बोला." मी उठले. "सर फार चांगले होते, आम्हाला खूप शिकवलं त्यांनी," एवढं म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, बाईचा कंठ दाटला. कंठबिंठ काही दाटला नव्हता. मी राग गिळत होते.

आता वार्षिक अंकासाठी प्राचार्यांना माझ्याकडून दोन पानं हवी आहेत. "आठवणी लिहा ताई, अगदी मोकळेपणानं." बरं, लिहिते मोकळेपणानं. तुम्हालाच लिहिते, कारण जी गोष्ट मला लिहायची आहे ती आपल्या दोघांनाच ठाऊक होती. आता त्या दोघांतला एक गेला. उरलेल्या एकीनं काही म्हटलं तर लोक म्हणणार, बघा, माणूस जायची वाटच बघत होती.

तुमच्या फोटोशेजारी टेबलावर काय मांडलं होतं, सांगू? माझे फराळाचे डबे. ते दोन पारदर्शक प्लास्टिकचे, चौकोनी. एकात मी चिवडा ठेवायचे, दुसऱ्यात शंकरपाळे. माझं घर सोडून त्यांना सोळा वर्षं झाली. फोटोला हार होता, आणि कुणीतरी त्या डब्यांनाही झेंडूची दोन दोन फुलं वाहिली होती. आता लॅबमध्ये काचेचं कपाट करणार आहेत, त्यात हे डबे ठेवणार, आणि वर पाटी लावणार तुमच्या नावाची. सरांचा समतोलाचा प्रयोग.

मला आधी तुमचं देणं मांडू द्या, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. मी बारावी झालेली बाई. लॅबमध्ये लागले तेव्हा मला कुणी काही विचारायचं नाही. बीकर विसळा, ब्युरेट लावा, अ‍ॅसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवा, झालं. तुम्ही आलात आणि पहिल्याच महिन्यात मला हाक मारून एक बंद काचेची नळी दाखवलीत. आत तपकिरी वायू होता. नळी गरम पाण्यात धरली की रंग गडद व्हायचा, बर्फात धरली की फिका. मग तुम्ही ती टेबलावर ठेवलीत. थोड्या वेळानं रंग एका जागी ठरला.

"ताई, आता आत काय चाललंय?"

"काही नाही, सर. थांबलं."

"इथंच सगळे फसतात," तुम्ही म्हणालात. "आत एका वायूचा दुसरा होतोय, आणि त्या दुसऱ्याचा परत पहिला. दोन्ही कामं एकाच वेगानं चालली आहेत, म्हणून आपल्याला वरून काही बदललेलं दिसत नाही."

"पण दिसतच नाही तर खरं कशावरून मानायचं?"

तुम्ही मोठ्यानं हसलात. "तेच तर मला शिकवता येत नाही, ताई."

भांडी विसळणाऱ्या बाईला कुणी विचारतं का, आत काय चाललंय म्हणून? आणि एवढा एमएस्सी झालेला माणूस तिच्यासमोर कबूल करतो की मला शिकवता येत नाही! त्या दिवशी घरी जाताना मी नाशिक रोडपर्यंत बसमध्ये उभी होते, पण मला पाय दुखल्याचं आठवत नाही. ते तुमचं माझ्यावर ऋण आहे. ते मी मरेपर्यंत मानीन.

मग आठ-नऊ वर्षांनी ती चाचणी परीक्षा. प्रश्न एका मार्काचा होता, समतोलात काय होतं? अकरावीच्या अख्ख्या वर्गानं लिहिलं होतं की अभिक्रिया थांबते. तुम्ही पेपरांचा गठ्ठा लॅबच्या ओट्यावर आपटलात. "तीन तास घसा कोरडा केला मी! यांना रंग थांबलेला दिसला की सगळं थांबलं!" मी नळाखाली टेस्ट ट्यूब धूत होते. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात, भिंतीशी बोलत होतात. तरी मी बोलले. मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "सर, आमच्या पिंपासारखं आहे हे."

आमच्या चाळीत तेव्हा पहाटे दीड तास पाणी यायचं. मी हंड्यानं पिंप भरायचे आणि त्याच वेळी सासरे, दीर, आमचे हे, एकामागून एक त्याच पिंपातलं पाणी घेऊन अंघोळी उरकायचे. मी वीस हंडे ओतायचे. तेवढंच पाणी उपसलं जायचं. नळ गेला की सासूबाई उठून बाहेर यायच्या, पिंपात डोकावायच्या आणि म्हणायच्या, "पिंप कालच्याएवढंच हाय की. तू केलंस काय मग सकाळधरनं?" हे मी तुम्हाला सांगितलं. सांगताना मला हसू येत होतं, पण आतून काही हसत नव्हते.

तुम्ही वळून बघितलंत. मग डोकं हलवलंत. "चांगलं आहे, ताई, पण गफलत आहे. तुमच्या पिंपात पाणी नळाचं येतं आणि मोरीत जातं. समतोलाला भांडं बंद लागतं. बाहेरचं आत येऊन चालत नाही. जे गेलं, तेच परत यायला हवं."

खरं होतं तुमचं. तो शब्द तुमचा, तो मी माझा म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना तोच शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. जे गेलं तेच परत. मग एक पिंप कशाला? दोन घ्यावीत. ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात. मी फडताळातले फराळाचे डबे काढले, दिवाळीला चार दिवस अवकाश होता तरी काढले, घासले, पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी अर्धा तास लॅब उघडली. एका डब्यात पाणी भरलं, निळ्या शाईचे थेंब टाकले, दुसरा रिकामा ठेवला. एक लहान बीकर, एक मोठा.

तुम्ही आलात. मी लहान बीकर तुमच्या हातात दिला, मोठा मी घेतला. म्हटलं, "सर, तुमच्या डब्यातलं माझ्यात ओता. मी माझ्यातलं तुमच्यात ओतते. एका वेळी, थांबायचं नाही. बीकर भरायला डबा तिरका करायचा नाही, येईल तेवढं घ्यायचं." सुरुवातीला माझ्या बीकरात काही येईच ना, डबाच रिकामा. मग थोडं येऊ लागलं. मग आणखी. आणि एका क्षणी दोन्ही डब्यांतलं पाणी जिथल्या तिथं राहिलं. तुमचा पाऊण भरलेला, माझा तळाला चार बोटं. माझा बीकर एवढा मोठा, पण चार बोटं पाण्यात बुडवून त्यात येणार तरी किती? तुमच्या लहान बीकरात यायचं, बरोब्बर तेवढंच.

तुम्ही ओरडलात, "झाला! झाला समतोल!" आणि बीकर खाली ठेवलात.

मी ओततच होते. म्हटलं, "सर, थांबू नका. तुम्ही थांबलात तर तुमचा डबा भरत जाईल आणि माझा रिकामा होईल."

तुम्ही बघत राहिलात. तुमचा डबा चढत होता, माझा उतरत होता. मग तुम्ही झडप घालून बीकर उचललात आणि पुन्हा ओतायला लागलात. प्रार्थनेची घंटा होईपर्यंत आपण दोघं ओतत होतो. तुमच्या शर्टाच्या बाह्या निळ्या झाल्या, माझा पदर निळा झाला. तुम्ही म्हणालात, "पातळी समान नाही, ताई! वेग समान आहे! हे मी त्यांना आता डोळ्यांनी दाखवीन!" आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. तुम्हाला इतकं आनंदलेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही. आत्ता हे लिहिताना मला तो चेहरा दिसतोय आणि मला तुमचा राग धड करताही येत नाही, याचाच राग येतोय.

त्या वर्षी अख्खा वर्ग पास झाला त्या प्रश्नात. मग जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात तुम्ही तो प्रयोग दाखवलात. सिन्नरहून, निफाडहून, येवल्याहून मास्तर लोक बघायला आले. मी डबे पुसून मांडायचे, शाई टाकायचे, चहा सांगायचे. मग त्याच प्रयोगासाठी तुम्हाला मिळालेला तो पुरस्कार. आम्हा सगळ्यांना बसनं नेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत होते, नवी साडी नेसून. वाटलं, आज म्हणतील. तुम्ही माइक हातात घेतलात आणि म्हणालात, "एके दिवशी सकाळी मला सुचलं."

मला सुचलं.

सर, तुमच्या तोंडून हे किती सहज आलं! खोटं बोलताना माणूस अडखळतो, तुम्ही अडखळलाही नाहीत. मला वाटतं, तोवर तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं. परतीच्या बसमध्ये पेढ्यांचा बॉक्स घेऊन तुम्ही प्रत्येकाच्या जागेपाशी आलात. "घ्या ताई, तोंड गोड करा." मी घेतला आणि खाल्लासुद्धा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ बघितले मी, पण पीठ जिचं तिलाच पेढा देणारे तुम्हीच.

आणि तुमचा तो विनोद. दरवर्षी जर्नल लिहून घेताना तुम्ही सांगायचात, "लिहा, साहित्य. दोन डबे, दोन बीकर, पाणी, शाई आणि मंगलताई." वर्ग खदाखदा हसायचा. मीसुद्धा हसायचे. काही टवाळ मुलं खरंच तसं लिहायची, आणि तुम्ही त्यावर लाल पेननं बरोबरची खूण करायचात. परवाच्या सभेत तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, आता मोठा इंजिनिअर आहे, हाच किस्सा सांगितला. हॉल रडता रडता हसला. म्हणाला, "सर किती मोठ्या मनाचे! शिपायापासून सगळ्यांची नावं घ्यायचे." मी शिपाई नाही, लॅब असिस्टंट आहे, पण तेही असो. बीकर, पाणी, शाई आणि मी. एका ओळीत.

लॉकडाउनमध्ये तुम्ही त्याचा व्हिडिओ केलात. मोबाइल स्टँडला लावला होता. तुम्ही बोलत होतात आणि मी दुसऱ्या बीकरनं ओतत होते. व्हिडिओत तुमचा चेहरा आहे, आवाज आहे, आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे. हजारो लोकांनी बघितला म्हणे. माझ्या मुलीनं, सायलीनं, मला तो दाखवला आणि म्हणाली, "आई, तुझा हात!" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, "सर, एकदा तरी सांगा मुलांना, हे कुणाचं डोकं होतं."

तुम्ही चकित झालात. "अहो ताई, दरवर्षी तुमचं नाव घेतो की साहित्यात!"

"साहित्यात नको, सर."

मग तुमचा आवाज चढला. "आणि समतोल काय तुम्ही शोधून काढला का?"

"मी नाही काढला," मी म्हटलं. "तुम्ही तरी कुठं काढलात?"

आपलं बोलणं तिथंच तुटलं. तुम्ही रिटायर होईपर्यंत कामापुरतं बोललो. ब्युरेट लावल्या का, लावल्या. डिस्टिल्ड वॉटर आहे का, आहे. बाहेरून कुणाला काही कळलं नाही. लॅब नेहमीसारखीच चालत होती, प्रॅक्टिकल्स वेळेवर होत होती. प्राचार्य पाहुण्यांना सांगायचे, "ह्या दोघांचं बघा, पंचवीस वर्षांत एक भांडण नाही."

सायली मला म्हणते, सोड ना आई. तिला सोपं आहे. तिच्या बारावीला तुम्ही दर रविवारी स्वतः आमच्या घरी येऊन तिला केमिस्ट्री शिकवलीत, एक पैसा न घेता, आमच्याकडचा कपभर चहा घेऊन. आज ती फार्मसिस्ट आहे ती त्यामुळे. म्हणजे तुमच्या बाजूनंही ओतणं चालू होतं, सर, हे मला दिसतं, मी आंधळी नाही. पण तुमचं ओतलेलं सगळ्या गल्लीला दिसायचं. शेजारच्या बायका विचारायच्या, एवढे मोठे सर तुमच्याकडे येतात? माझं ओतलेलं कुणाला दिसलं? सायलीला मी तेच म्हटलं, शिकवलं म्हणून काय माझं डोकं त्यांच्या नावावर करून देऊ?

आता ते शेवटचं. महिना पण झाला नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात तुम्ही समोर आलात. हातात पिशवी, त्यातून मेथी बाहेर आलेली. वाळला होतात. मला बघून थांबलात आणि म्हणालात, "ताई, बरं झालं भेटलात. तुम्हाला एक बोलायचं होतं."

मी म्हटलं, "माझी बस येतेय," आणि निघाले.

बस येत नव्हती, सर. मी स्टॉपवर पंचवीस मिनिटं उभी होते. रस्त्यापलीकडून तुम्ही मला उभी असलेली बघितलंत का, मला माहीत नाही. मी मुद्दाम गेले. वाटलं, झुरू द्या जरा, मी किती वर्षं झुरले. आणि मंगळवारी सकाळी फिरायला गेलात ते तसेच गेलात. आता लोक मला समजावतील, ते माफीच मागणार होते गं. तुम्ही माफी मागणार होतात की मेथी कशी दिली ते सांगणार होतात, हे मला आता कोण सांगणार? हा दोष माझा आहे. तो मी तुमच्या माथी मारत नाही. पण त्यानं तुमचा दोष कमी होत नाही.

शोकसभेत नव्या पूजा मॅडमनी दोन मुलींना तुमचा प्रयोग करायला उभं केलं होतं. श्रद्धांजली म्हणून. मुली ओतत होत्या, पाणी ठरलं, आणि तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. मुलींनी बीकर खाली ठेवले. सगळा हॉल उभा, आणि दोन्ही डब्यांत पाणी शांत. मॅडम मान खाली घालून माझ्या कानाशी कुजबुजल्या, "किती छान दिसतोय ना समतोल, ताई!" मला ओरडावंसं वाटलं की हा समतोल नव्हे, हे नुसतं डब्यात ठेवलेलं पाणी आहे. पण स्तब्धता चालू होती. तुम्ही असतात तर तुम्ही मात्र ओरडला असतात. तेवढ्या दोन मिनिटांत मला तुमची खरी आठवण आली, आणि मी रडले ती तेव्हा.

सभा सुटल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "ताई, तुमच्याबद्दल घरी फार बोलायचे हो."

मी लगेच विचारलं, "काय बोलायचे, वहिनी?"

"म्हणायचे, मंगलताई आहेत म्हणून लॅब चालते. बाटल्या कशा आरशासारख्या ठेवतात म्हणायचे."

मी धीर करून विचारलं, "त्या डब्यांबद्दल काही?"

"कसले डबे?" वहिनी म्हणाल्या. मग टेबलाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां, ते होय! ते त्यांनी कुठूनतरी आणले होते."

वहिनींना मी काही बोलले नाही. कपाळावर कुंकू नव्हतं त्यांच्या, त्या जागेकडे बघवत नव्हतं. पण घरी येऊन मी कागद काढला. तोवर मला वाटत होतं, निदान एका माणसाला तुम्ही सांगितलं असेल. भिंतीला तरी. तुम्ही कुणालाच सांगितलं नाही.

म्हणून आता सांगते. दोन डबे माझे. दोन बीकरची कल्पना माझी. थांबू नका म्हटलं ते मी. बंद भांडं, वेग समान, आणि ते पोरांच्या डोक्यात उतरवणारी वाणी, ते तुमचं. मी तुमचं काही काढून घेत नाही, माझं तेवढं मागते.

सायलीनं हे वाचलं. म्हणाली, "आई, देऊ नकोस. वहिनींना काय वाटेल? आणि मेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का?" मी तिला म्हटलं, जिवंत होते तेव्हाही लिहिता आलं नाही, मग लिहायचं कधी? वहिनींना वाईट वाटेल. वाटू दे. मी त्यांच्या घरी जाऊन समोर बसेन आणि त्या म्हणतील ते ऐकून घेईन.

ही पानं मी सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवणार. ते छापतील असं काही मला वाटत नाही. न छापोत. नोटीस बोर्डाची किल्ली गेली कित्येक वर्षं माझ्याच जुडग्यात आहे.

हे न्यायाचं नाही, मला कळतं. माझं सगळं म्हणणं लोक वाचतील आणि तुम्हाला एका शब्दाचं उत्तर देता येणार नाही. सर, सोळा वर्षं मलाही देता येत नव्हतं.

मंगल